खाऱ्या वाऱ्यातला संगणक

(दृश्य: मालवणच्या बाजारपेठेतील एक अरुंद गल्ली. ऑक्टोबरमधील दुपार. टेबलावर झाकण काढलेला संगणक.)

मालवणच्या बाजारपेठेतून बंदराकडे जाताना एका जुन्या माडीखाली संगणक दुरुस्तीचे एक लहान दुकान लागते. दुकानदाराच्या हातात या क्षणी शाळकरी मुलांचा पांढरा खोडरबर आहे. संगणकातून काढलेली रॅमची पट्टी तो त्या रबराने हलक्या हाताने घासतो आणि तिच्या सोनेरी दातांवर साचलेला काळपट थर रबराच्या चुऱ्याबरोबर टेबलावर गळून पडतो. पट्टी पुन्हा खाचेत बसवली जाते, बटण दाबले जाते आणि दोन आठवडे ‘मेला’ म्हणून कोपऱ्यात पडलेला संगणक एक आखूड शिट्टी देऊन जागा होतो.

किनाऱ्यावरील संगणकांचा मुख्य शत्रू कोण, असे विचारल्यावर हा दुकानदार व्हायरसचे नाव घेत नाही. खारा वारा, पावसाळ्यातील चार महिन्यांची दमट हवा, विजेचा लपंडाव आणि पॉवर सप्लायच्या उबेला येऊन राहणाऱ्या मुंग्या व पाली, असा त्याचा क्रम आहे. परंतु २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात त्याच्याकडे आलेल्या पुष्कळशा यंत्रांना यांपैकी काहीच झालेले नव्हते. ती व्यवस्थित चालत होती. ‘हे अजून चालवायचे की भंगारात द्यायचे,’ एवढेच विचारण्यासाठी त्यांचे मालक ती उचलून घेऊन आले होते.

या प्रश्नाचे कारण मालवणपासून फार दूर घडले होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपवला. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेली ही प्रणाली त्या दिवशी बंद पडली नाही आणि बंद पडणारही नव्हती. मात्र त्यानंतर तिच्यात सापडणारी सुरक्षेची भोके कंपनी आपणहून बुजवणार नव्हती. घरगुती वापरकर्त्यांना नावनोंदणी करून आणखी एक वर्ष सुरक्षा-दुरुस्त्या घेण्याची सवलत होती, पण ही सवलत बाजारपेठेपर्यंत पोहोचेतो तिचा अर्थ ‘ऑक्टोबरनंतर संगणक बंद’ इतका झालेला होता.

मग सरळ विंडोज ११ का घालू नये? त्याला अटी आहेत. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी फारशा अडत नाहीत. अडते ते टीपीएम २.० या सुरक्षा-चिपेपाशी आणि प्रोसेसरच्या यादीपाशी, कारण इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ नंतर आलेल्या प्रोसेसरपासून सुरू होते. त्याआधीचे यंत्र कितीही धडधाकट असले, तरी कंपनीच्या लेखी ते म्हातारे आहे. आमच्या चमूचा ध्वनिसंकलनाचा लॅपटॉप याच रांगेत बसत असल्याने आम्ही या दुकानात आलो ते प्रथम गिऱ्हाईक म्हणून. चित्रीकरणाची कल्पना तिथल्या बाकावर बसल्यावर सुचली.

(दृश्य: दुकानाबाहेरील लाकडी बाक. चहाचे पेले.)

दुकानाबाहेरील या बाकावर जो वाद चालतो, तो जगात सगळीकडे चालणारा, विंडोज, लिनक्स आणि मॅक या संगणक चालवणाऱ्या प्रणालींचाच वाद आहे. कुडाळला शिकणारा, अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी लिनक्सची बाजू घेतो आणि ती घेताना नव्याने दीक्षा घेतलेल्या माणसाचा आवेश त्याच्या बोलण्यात असतो. हॉटेले आणि मच्छीमार नौकांचे मालक यांचे हिशेब लिहिणारे एक गृहस्थ विंडोजशिवाय पान हलत नाही असे सांगतात. मुंबईहून गणपतीला येऊन दिवाळीपर्यंत राहिलेले एक चाकरमानी आपल्या मॅकबुकविषयी बोलतात. त्यांचे म्हणणे सगळे ऐकून घेतात आणि किंमत कळल्यावर विषय बदलतात. बाकाच्या टोकाला बसलेले, लग्नपत्रिका आणि दशावताराची हस्तपत्रके छापणारे एक वयोवृद्ध मुद्रक बराच वेळ काही बोलत नाहीत. नंतर विद्यार्थ्याला म्हणतात, “अरे झिला, माका पत्रिका छापूक व्हयी. तुझी विंडोज खयची आणि लिनक्स खयची, ता गिऱ्हाईक इचारीत नाय.”

त्यांच्या छापखान्यातील संगणकावर अजून विंडोज ७ आहे. तिचा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजीच संपला. ही तारीख विद्यार्थ्याने सुनावल्यावर आजोबांनी विचारले, “पाच वर्सां झाली. काय झाला?” विद्यार्थ्याकडे याला तांत्रिक उत्तर आहे आणि ते बरोबरही आहे, परंतु आजोबांच्या संगणकाला इंटरनेटची तार कधी जोडलेलीच नाही, हे त्याला ठाऊक नव्हते.

ज्यांना हे भांडण दोन परक्यांचे वाटते, त्यांनी त्याची वंशावळ पाहावी, कारण यातील निम्मे पक्ष एकाच घराण्यातील आहेत आणि कोकणी माणसाला भाऊबंदकी समजावून सांगावी लागत नाही. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचण्यास सुरुवात केली. २००१ साली आलेली ॲपलची मॅक ओएस एक्स याच युनिक्सच्या बीएसडी शाखेवर उभी राहिली आणि आयफोनमधील प्रणाली तिच्याच पोटची आहे. लिनक्सने युनिक्सचा कोड घेतला नाही, पण घडण घेतली: २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत आहोत आणि ती काही फार मोठी होणार नाही, असे जाहीर केले. त्या छंदाचा गाभा आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. मासळी-लिलावाच्या जागी फोनवर पैसे आल्याची घोषणा ऐकून टोपली उचलणारी बाई रोज लिनक्स वापरते. तिला ते माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही. विंडोजचे मूळ घर मात्र वेगळे. आजची विंडोज ही १९९३ च्या विंडोज एनटीच्या वंशातील आहे आणि एनटी घडवणारे डेव्ह कटलर यांची जडणघडण युनिक्सच्या बाहेर, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये झालेली होती.

नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. विद्यार्थ्याने हा आकडा हुकमाच्या एक्क्यासारखा टाकला. हिशेबनीसांनी शांतपणे विचारले, “त्यांतल्या कुठल्यावर टॅली चालते?”

हा प्रतिप्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. हिशेब ठेवणारी टॅली विंडोजसाठी लिहिलेली आहे. ऑनलाइन विवरणपत्रावर सही करण्यासाठी लागणारे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, सेवा केंद्रातील अंगठ्याचे यंत्र, पासबुक छापणारा प्रिंटर यांच्याबरोबर येणारी सीडी किंवा डाउनलोडचा दुवा बहुतेक वेळा विंडोजपुरताच असतो, किंवा लिनक्ससाठी असलाच तर तो चालता करणारा माणूस पंचक्रोशीत नसतो. आपल्या देशातील कचेऱ्यांत जागोजागी दिसणारा एक लहान लेझर प्रिंटर लिनक्सवर बोलता करण्यासाठी आमच्या दुकानदाराने एकदा अख्खा रविवार घालवला आणि अखेर पान निघाले ते कोरे. तेव्हापासून कोणीही ‘कोणती प्रणाली चांगली’ असे विचारले, की तो संगणकाच्या पुढच्या बाजूकडे पाहतच नाही. यंत्र फिरवतो, मागे काय काय खोचले आहे ते मोजतो आणि मग बोलतो.

वेगाच्या वादातही त्याचे असेच एक रोखठोक मत आहे आणि ते आम्हाला पटले. लिनक्स हलकी आणि विंडोज जड, असे सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तुलना केलेली असते ती नव्या, रिकाम्या लिनक्सची आणि सात वर्षे केर साचलेल्या विंडोजची. दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रातील फिरती हार्ड डिस्क काढून त्या जागी साधी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवली, तर दोन्ही प्रणाली पळू लागतात आणि बाकावरील निम्मे वादी गप्प होतात. उरलेल्या निम्म्यांचा वाद वेगाचा नसतोच.

(दृश्य: पाऊस थांबलेला. कौलांवरून ठिबकणारे पाणी.)

उरलेला वाद आहे मालकीचा. या मुलखात मालकीचा वाद कसा असतो, हे लोकांना चांगले कळते. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होण्यापूर्वी मालवण ज्या जिल्ह्यात होते तिथे, खोती पिढ्यानपिढ्या चालली आणि ती कायद्याने संपवण्यासाठी १९४९ चा खोती निर्मूलन कायदा व्हावा लागला. जमीन कसणारा एक आणि तिच्यावर हक्क सांगणारा दुसरा, ही गोष्ट इथल्या आजोबांच्या आजोबांनी अंगावर घेतलेली आहे. विकत घेतलेल्या विंडोजच्या किंवा मॅकच्या बाबतीत आपल्याला मिळतो तो परवाना; सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर वहिवाट मिळते, मालकी कंपनीकडेच राहते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तो हे बदलण्यासाठी. कोणत्याही कामासाठी चालवावे, आतील रचना अभ्यासावी, बदलावी आणि बदललेले किंवा मूळचे दुसऱ्याला द्यावे, अशा चार मोकळिकी त्या चळवळीने मांडल्या आणि लिनक्सचा गाभा ज्या परवान्याखाली वाटला जातो, त्या जीपीएलने त्यांना कायद्याचा आधार दिला. या प्रणालीला नुसते लिनक्स म्हणावे की ग्नू-लिनक्स म्हणावे, यावर त्या गोटात अजून रुसवेफुगवे आहेत. भाऊबंदकी तिथेही आहेच.

आमच्या मते विद्यार्थ्याची खरी बाजू इथे आहे आणि तो ती मांडतच नाही. तो महासंगणकांचे आकडे सांगत बसतो. लिनक्समध्ये एखाद्या वितरणाने, म्हणजे लिनक्सच्या एखाद्या तयार संचाने, जुन्या यंत्रांकडे पाठ फिरवली, आणि ३२ बिटांच्या यंत्रांकडे बहुतेक मोठ्या वितरणांनी ती फिरवलेली आहे, तरी दुसऱ्या कोणाला तीच प्रणाली घेऊन पुढे चालवता येते. यंत्र कधी म्हातारे झाले, हे ठरवण्याचा अधिकार एकाच घरात कोंडलेला राहत नाही. दुरुस्तीच्या दुकानावर पोट असलेल्या माणसाला या फरकाचे महत्त्व सांगावे लागत नाही.

सुरक्षेच्या बढाया मात्र दोन्ही बाजूंनी जरा आवरत्या घ्याव्यात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर आणून ठेवली आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. लिनक्सवाले त्या दिवशी फार हसले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात मात्र लिनक्समध्ये फाइली दाबून लहान करण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या संचात कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवल्याचे उघडकीस आले होते, आणि तेही अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे खटकले म्हणून.

(दृश्य: छापखाना. शाईचा डाग पडलेला कळफलक, जवळून.)

आता आजोबांच्या छापखान्यात जाऊ, कारण मराठी माणसाच्या दृष्टीने या वादाची सर्वांत गुंतागुंतीची गाठ तिथे आहे. त्यांच्या यंत्रावर पानांची मांडणी करणारे पेजमेकर ७ आहे, जी २००१ मध्ये आलेली आणि त्या मालिकेतील शेवटची आवृत्ती. त्यासोबत देवनागरी टंकांचा, म्हणजे फॉन्टचा, एक संच आहे आणि तो उघडण्याचे कुलूप म्हणून यंत्राच्या मागे अंगठ्याएवढा एक डोंगल खोचलेला आहे. तो डोंगल हरवला, तर पत्रिका बंद. गेल्या वीस वर्षांतील पत्रिका, जत्रांची पत्रके, वर्षश्राद्धाची कार्डे, सारे या संचात आहे.

या टंकांची एक मेख आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी प्रमाण पद्धत, येण्यापूर्वीच्या काळातील असे टंक ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठवत नसत. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरी वळणाचे तुकडे बसवलेले असत. टंक हजर असेल तोवर पडद्यावर ‘श्री कुलस्वामिनी प्रसन्न’ दिसते; टंक काढून घेतला की त्याच ओळीच्या जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग उरते. त्यामुळे आजोबांच्या फाइली लिनक्सवर उघडत नाहीत, हे खरे असले तरी अपुरे आहे. त्या नव्या विंडोजवरही, त्या टंकाविना, कोणाला वाचता येत नाहीत. त्यांची निष्ठा विंडोजशी नाही. ती वीस वर्षांच्या कामाशी आहे, आणि ते काम एका डोंगलच्या मुठीत आहे.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत युनिकोड देवनागरी आली आणि पुढे मॅक व लिनक्सवरही ती स्थिरावली. तरीही मराठीच्या काही खोडी उरल्या. विंडोजबरोबर आलेल्या ‘मंगल’ टंकातील ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे, तर आपल्याकडील शाळेत शिकवले जाणारे वळण वेगळे. दुसरी खोड र-काराची. कोकणाच्या समोर ‘दर्या’ आहे आणि पाठीशी सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ आहेत; पहिल्या शब्दात रफार, दुसऱ्यात ‘य’ला बिलगणारा अर्धा ‘ऱ’. ज्या कळफलकावर हा दुसरा ‘र’ सापडत नाही, त्यावर टंकलेखन करणारा माणूस समुद्र आणि दरी यांत फरक करू शकत नाही. या एका अक्षरापायी आम्ही छापील पाट्यांवर ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांची अदलाबदल झालेली पाहिली आहे आणि एका लग्नाच्या जेवणावळीत तिची चर्चा जेवणापेक्षा अधिक रंगली होती.

या खोडीवरील उपाय तिन्ही प्रणालींत एकच आहे आणि बाकावर त्याची बाजू घेणारा कोणीच नव्हता. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठी ठरवलेला प्रमाण कळफलक विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत मुळातच असतो, कोणताही डोंगल न लावता. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. इंग्रजी ‘जे’च्या कळीवर ‘र’ आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ‘ऱ’. ज्याच्या बोटांना ही जागा सरावाची झाली, त्याला पडद्यामागे कोणती प्रणाली आहे हे फारसे जाणवत नाही.

(दृश्य: दुकान, संध्याकाळ. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा.)

आमच्या लॅपटॉपचे काय करायचे, ते दुकानदाराने पंधरा मिनिटांत ठरवले. त्याने लिनक्स मिंट भरलेला एक पेनड्राइव्ह लावला आणि डिस्कला हात न लावता त्यावरूनच यंत्र चालू केले. वायफाय सापडले, आवाज आला, पडद्याचा उजेड कमीजास्त झाला. मागे खोचलेले आमचे ध्वनिमुद्रणाचे यंत्रही ओळखले गेले. तेव्हा कुठे त्याने जुनी डिस्क काढून एसएसडी घातली. हिशेबनीसांना त्याने लिनक्सचे नावही सुचवले नाही. त्यांना विंडोज ११ चालेल असे वापरलेले यंत्र मुंबईहून मागवून देण्याचे ठरले, आणि विद्यार्थी याला शरणागती म्हणाला तरी आम्हाला तो निर्णय योग्य वाटतो. नौकामालकांचे हिशेब हा कोणाच्या तत्त्वाचा प्रयोग करण्याचा विषय नव्हे.

आजोबांचे यंत्र जागचे हलवलेले नाही. त्याची रॅम घासून झाली, डिस्कची हुबेहूब प्रत एका वेगळ्या डिस्कवर काढून ती घरच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवली गेली. जुन्या पत्रिका एकेक करून पीडीएफमध्ये काढण्याचे काम विद्यार्थ्याने पत्करले आहे. मजकूर नव्याने लिहायचा असेल तेव्हासाठी कोणीतरी टाकून दिलेल्या एका लॅपटॉपवर त्याने लिनक्स घालून दिले आणि कळफलक इन्स्क्रिप्टवर लावला. आजोबांचा हात टंकलेखन-यंत्राच्या जुन्या मांडणीवर बसलेला, त्यामुळे पहिला अर्धा तास ‘चिरंजीव’ नीट उमटेना. विद्यार्थी मागे उभा राहून कळ दाखवू लागला तेव्हा त्यांनी त्याला हाताने थांबवले.

मग एका बोटाने, शिफ्ट धरून, त्यांनी ‘दऱ्या’ लिहिले. खालच्या ओळीवर ‘दर्या’ लिहिले. दोन्ही शब्दांकडे चष्मा वर करून पाहिले आणि विचारले, “आणि छापणार खयसून?”

लिनक्सवर प्रिंटर अजून लागलेला नाही. दुकानदार रविवारी येतो म्हणाला आहे.